"नुसतं बोलायचेच एवढे पैसे?"

प्रश्न

ताई, नमस्कार. मी बत्तीस वर्षांची समुपदेशक मानसशास्त्रज्ञ. एम. ए. झाल्यावर पुण्यात एका संस्थेत काम केलं आणि लग्नानंतर सांगलीत, विश्रामबागला, स्वतःचं समुपदेशन केंद्र सुरू केलं. त्याला दोन वर्षं झाली. फी ५०० रुपये ठेवली आहे. महिन्याला डायरीत पन्नासेक अपॉइंटमेंट असतात. त्यातले बाराजण न कळवताच दांडी मारतात. आठजण ओळखीचे, नात्यातले किंवा "तुमच्याकडून काय घेणार" या गटातले. उरलेले तीसजण पैसे देतात. जागेचं भाडं ८,०००, बाहेर बसणाऱ्या मुलीचा पगार ६,०००, लाइट, इंटरनेट, फोन, साफसफाई मिळून २,५००. दर महिन्याला पदरमोड होते.

मध्यंतरी एका क्लायंटच्या सासूबाई म्हणाल्या, "नुसतं बोलायचेच एवढे पैसे?" तेव्हापासून फी सांगताना माझाच आवाज खाली जातो. जवळच्या एका डॉक्टरांनी पेशंट पाठवायचे तीस टक्के मागितले. आतेभाऊ म्हणतो, इन्स्टावर क्लायंटचे अनुभव टाक, दहा सेशनचं पॅकेज काढ. मिस्टर म्हणतात, शाळेत नोकरी धर. मला मात्र आपण लोकांच्या दुःखाचा धंदा करतोय असं वाटत राहतं. काय करू?

— एक वाचक, सांगली

उत्तर

आधी वही काढू या, दुःखाचं नंतर बघू. तीसजणांचे ५०० म्हणजे १५,००० आले. खर्च तुम्ही १६,५०० लिहिलाय, पण काही गोष्टी त्यात धरलेल्या दिसत नाहीत. सुपरव्हिजनची, म्हणजे अनुभवी समुपदेशकाकडून आपलं काम तपासून घ्यायची फी, चाचण्यांचं साहित्य, सीएचे पैसे, व्यवसाय कराचे वर्षाला २,५००, एखादी कार्यशाळा. हे सगळं महिन्यावर वाटलं तर २,००० कुठे गेले नाहीत. म्हणजे खर्च १८,५००. दर महिन्याला साडेतीन हजार खिशातून घालून तुम्ही लोकांना भेटताय आणि तुमची मजुरी यात अजून आलेलीच नाही. धंदा करतोय या अपराधीपणात तुम्ही उगाच झिजताय. हे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं चाललंय. धंदा तुम्ही अजून सुरूच केलेला नाही.

आता उलट्या बाजूने मोजा. घरी महिन्याला किती न्यायचे ते ठरवा. तुमच्या शिक्षणाला आणि अनुभवाला ३०,००० ही काही हावरट अपेक्षा नाही. ३०,००० अधिक १८,५००, म्हणजे ४८,५०० जमायला हवेत. हे किती तासांतून येणार? सेशन पन्नास मिनिटांचं, त्यानंतर नोंदी लिहायला आणि स्वतः जरा सावरायला पंधरा मिनिटं. दिवसाला चार सेशन एवढीच मर्यादा धरा. पाचव्याच्या वेळी आपण मान हलवत असतो, ऐकत नसतो.  महिन्याचे बावीस दिवस धरले तर अठ्ठ्याऐंशी तास होतात, त्यातून सण, आजारपण, लग्नं आणि ऐन वेळची रद्दबातल वजा करा. सत्तरच्या वर कधीच धरू नका. अजून तुमच्याकडे तेवढी मागणीही नाही. म्हणून साठच्या आतच आखणी करू.

पन्नास सेशन ८०० रुपयांनी, म्हणजे ४०,०००. आठ सेशन सवलतीच्या ३०० रुपयांनी, २,४००. आठवड्यातून एक दिवस एखाद्या शाळेत, दिवसाला २,००० प्रमाणे चार दिवसांचे ८,०००. एकूण ५०,४००. गणित बसतं. शाळेचे चार दिवस वगळले तरी दिवसाला तीन-सव्वातीनच सेशन होतात. ५०० रुपयांत हेच गणित बसवायचं तर शाळा धरूनही ऐंशीच्या वर सेशन करावी लागतील, म्हणजे तुम्ही दिवाळीपर्यंत आजारी पडाल.

फी वाढवली की काहीजण गळतील. ते धरून चाला. नव्या क्लायंटना एक तारखेपासून ८००, जुन्यांना दोन महिन्यांची आगाऊ सूचना, आणि ज्यांचं काम संपत आलंय त्यांना शेवटपर्यंत जुनीच फी.

आता ती सांगायची कशी. तुमचं दुखणं आकड्यात कमी आणि आवाजात जास्त आहे. "बघा, तसे ८०० आहेत, पण तुम्हाला जमेल तसं द्या" हे वाक्य आजपासून बंद. ऐकणाऱ्याला त्यात उदारपणा ऐकू येत नाही, 'यांनाच आपल्या कामाची किंमत ठाऊक नाही' एवढंच ऐकू येतं. शिवाय फी हा विषय सेशनच्या शेवटी, समोरचा माणूस डोळे पुसत असताना काढायचा नसतो. पहिल्या फोनवरच बाहेरच्या मुलीने सांगायचं: "मॅडमचा वेळ पन्नास मिनिटांचा असतो, फी ८०० रुपये, आत जाण्याआधी इथे भरायची." संपलं. पुढे एक शब्द नाही. गप्प राहता येणं हे तुमचं कसब आहे, ते इथेही वापरा.

आणि त्या सासूबाई? त्यांचं मला फारसं चुकलं असं वाटत नाही. आपल्याकडे औषधाची पट्टी, इंजेक्शन, एक्स-रे यांना पैसे मोजायची सवय आहे, कारण हातात काहीतरी पडतं. त्यांना समजेल असं सांगा: "काकू, बोलणं तुमच्या घरीही होतं. इथे ठरवून, दर आठवड्याला एकच गोष्ट धरून काम होतं. सहा वेळा झाल्यावर आपण तिघी बसून बघू, सूनबाईंची झोप आणि जेवण सुधारलंय का. नसेल तर मीच दुसरीकडे पाठवीन." तिघींनी बसायला सुनेची हरकत नाही ना, हे अर्थातच तिला आधी एकटीला विचारायचं. सासूबाईंना हिशोब हवाय. द्या ना.

दांडीचं बघू. महिन्याला बारा, म्हणजे जवळजवळ चौथा भाग. तासगावकडच्या बागायतदाराला द्राक्षाला दर मिळाला नाही तर तो निदान बेदाणा करतो. तुमच्या वाया गेलेल्या तासाचा बेदाणा होत नाही. नियम साधा ठेवा: चोवीस तास आधी कळवलं तर काही नाही, न कळवता आला नाहीत तर निम्मी फी, पहिली चूक माफ. मयत, आजारपण, एसटी बंद, पुराचं पाणी, यांना नियम लागू नाही. हे पहिल्या भेटीतच एका पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरात छापून हातात द्या आणि वाचून दाखवा. नव्या माणसाकडून वेळ ठरवतानाच २०० रुपये आगाऊ घ्या, ते फीमध्ये वळते करा. आदल्या संध्याकाळी आठवणीचा एक मेसेज. एवढ्यावर दांड्या बऱ्याच कमी होतात. निम्मी फी वसूल करायची वेळ तर क्वचितच येते, कारण नियम आहे हे कळल्यावर लोक फोन करतात. आणि एरवी चोख असलेला क्लायंट लागोपाठ दोनदा गायब झाला, तर ते वसुलीचं प्रकरण समजू नका. मागच्या सेशनच्या नोंदी काढून वाचा. तिथे काहीतरी टोचलेलं असतं.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट हवी. तुम्ही सांगितलेलं बाहेर जाणार नाही, पण जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावं लागेल, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं मला बंधनकारक आहे. हे आधी सांगितलेलं असलं की नंतर विश्वासघात झाला असं कुणाला वाटत नाही. शाळेत काम करणार असाल तर हे पाठच असू द्या.

आता ते आठजण. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. पण यात दोन वेगळे गट आहेत आणि तुम्ही त्यांना एका पिशवीत घातलंय. नणंद, मावससासरे, सोसायटीतल्या सेक्रेटरींचा मुलगा यांना फुकट बघू नका आणि पैसे घेऊनही बघू नका. जिच्या घरच्या लग्नात आपण पंगतीला बसणार आहोत, तिच्या नवऱ्याबद्दलच्या तक्रारी आपल्याला व्यावसायिक म्हणून ऐकता येत नाहीत. "नात्यातल्या माणसाचं काम मी घेत नाही, पण मिरजेत चांगल्या मॅडम आहेत, मी स्वतः फोन करते" एवढं म्हणा. मिरजेतल्या एकदोघांशी असा करार करून टाका, त्यांच्या आत्या तुमच्याकडे, तुमच्या आत्या त्यांच्याकडे. यात दोघींचीही फी बुडत नाही.

दुसरा गट खरोखर परवडत नसलेल्यांचा. त्यांच्यासाठी आठवड्याला दोन तास राखून ठेवा, ३०० रुपयांत, तीन महिन्यांसाठी, मग फेरविचार. हे तास भरलेले असतील तर "सध्या जागा नाही" म्हणायला शिका आणि पर्याय हातात द्या: मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचं सिव्हिल, आणि फोनवर बोलायला टेलिमानसची १४४१६ ही मोफत सरकारी सेवा, जिथे मराठीतही बोलता येतं. सवलत कुणाला, हे नियमाने ठरवा. जो समोर बसून रडतो त्याला सवलत आणि जो अवघडून गप्प पैसे भरतो त्याला पूर्ण फी, असं तुमच्याकडे आत्ता होत असणार.

आपल्या भागात पैशाला मोसम असतो, तेही ध्यानात ठेवा. उसाचं बिल टप्प्याटप्प्याने येतं, द्राक्षवाल्यांच्या हातात पैसा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये खेळतो, जून-जुलै कोरडे जातात. अशा घरातल्या क्लायंटला उधारीवर घेऊ नका. उधारी साठली की माणूस तोंड चुकवतो आणि उपचारही थांबतात. त्याऐवजी दर आठवड्याची भेट पंधरा दिवसांवर न्या. जत किंवा अथणीहून एसटीने येणाऱ्याला तसंही दर आठवड्याला जमत नाही. त्यांच्यासाठी पंधरवड्याला ऐंशी मिनिटांची एक भेट ठेवा आणि तिची फी वेगळी सांगा. तुमचेही गणपती-दिवाळीचे आठवडे रिकामे जाणार. दोन महिन्यांचा खर्च, म्हणजे ३७,०००, वेगळ्या खात्यात पडून राहू द्या.

तीस टक्के मागणाऱ्या डॉक्टरांना नाही म्हणा. इथे मधला रस्ता शोधू नका. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार पेशंट पाठवण्यासाठी कमिशन घेणं-देणं त्यांनाच निषिद्ध आहे. आणि वही उघडलीच आहे तर बघा, ८०० मधले २४० गेले तर ते भरून काढायला तुम्ही काय कराल? चार सेशनचं काम आठ सेशनपर्यंत ओढाल. एरवी ओढणार नाही, पण महिनाअखेरीस हात आपोआप ओढतो. कट असा क्लायंटच्या अंगावर निघतो. "सर, मी कुणालाच देत नाही, पण तुम्ही पाठवलेल्या प्रत्येकाचं काय झालं ते मात्र कळवीन" असं म्हणा आणि खरंच कळवा. क्लायंटची लेखी परवानगी घेऊन, आठवड्याभरात, एका पानाचं पत्र: काय आढळलं, काय करतेय, तुमच्याकडून औषधाबाबत काय हवं. सांगली-मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, अर्ध्या उत्तर कर्नाटकाचे पेशंट मिरजेत उतरतात. त्यातल्या पाच-सहा जनरल फिजिशियन, एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई आणि दोन मनोविकारतज्ज्ञ यांना अशी पत्रं वेळच्या वेळी जायला लागली की तीस टक्के न देता पेशंट येतात. पाठवलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे त्यांना सहसा कुणी कळवतच नाही.

आतेभावाचं कौतुक आहे, पण क्लायंटचे अनुभव इन्स्टावर अजिबात नकोत. आज खुशीने व्हिडिओ देणारी मुलगी उद्या लग्नाच्या बाजारात उभी राहणार आहे. तिने होकार दिला तरी तो तुमच्यासमोर बसून दिलेला होकार असतो, "नाही" म्हणणं तिला जड जातं. गुगलवर पत्ता, वेळ, फोन असू द्या. तिथे कुणी आपणहून चांगलं लिहिलं, तर खाली "आपण आलात, आनंद वाटला" असं उत्तरही देऊ नका. ती बाई तुमच्याकडे येत होती, यावर तुम्हीच शिक्का मारताय. इन्स्टावर बोलायचंच असेल तर दहावीच्या निकालाआधी घरात काय बोलू नये, यावर बोला. आणि त्याच्या पोस्टरवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' छापून येणार नाही एवढं बघा. ते बिरूद भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्यांचं, एम. ए.वर ते लावता येत नाही. 'समुपदेशक मानसशास्त्रज्ञ' यात कमीपणा काही नाही.

दहाचं पॅकेज मला पटत नाही. चौथ्या भेटीत लक्षात आलं की याला आधी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायला हवं, तर उरलेल्या सहांचे पैसे परत करायला तुमचं मन कचरेल. घेतलेच आगाऊ तर तीनचे घ्या, त्यापुढे नको.

तुमच्या पत्रात जागेबद्दल काही नाही, पण छोट्या शहरात अर्धी प्रॅक्टिस जागेवर ठरते. मुख्य रस्त्यावर तळमजल्याला ठसठशीत पाटी असेल तर लोक येत नाहीत, कारण बाहेर उभी केलेली गाडी कुणाची ते सांगलीत नंबरावरून ओळखतात. दंतवैद्य, लॅब, सीए असे चार गाळे असलेल्या इमारतीत पहिला-दुसरा मजला उत्तम. आत शिरणारा कुठे निघालाय ते कळत नाही. स्वस्त मिळतंय म्हणून गावभागात किंवा गणपती पेठेच्या बाजूला तळमजल्यावर जाऊ नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी पंचेचाळीस आहे, आणि २०२१ ला पाणी पुन्हा धोक्याच्या पातळीवर चढलं. तुमच्या कपाटात लोकांची आयुष्यं लिहिलेली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय आणि स्वतःच्या नोंदी मागायचाही. त्या भिजून, वाहून गेल्या तर काय उत्तर देणार? कुलपाचं कपाट, फायलीवर नावाऐवजी क्रमांक, आणि क्रमांक कुणाचा ते सांगणारी वही दुसरीकडे.

बाहेरच्या मुलीला कमी करून सहा हजार वाचवायचा मोह होईल. नको. बंद खोलीत अनोळखी माणसाबरोबर एकट्या बाईने बसायचं आणि बाहेर कुणीच नाही, हे धोक्याचं आहे. पण तिला शिकवा. नावाने मोठ्यांदा हाक मारायची नाही. दोन क्लायंट समोरासमोर येणार नाहीत अशा वेळा द्यायच्या. "कोण हो त्या आत्ता गेल्या?" याला उत्तर फक्त हसणं. आणि केंद्राचं सिम तिच्या मोबाइलमध्ये आहे का, ते आज रात्री विचारा. असेल तर ती नोकरी सोडेल त्या दिवशी तुमचे सगळे क्लायंट तिच्या व्हॉट्सॲपवर असतील. साधा वेगळा फोन घ्या, संध्याकाळी तो ड्रॉवरमध्ये.

काउंटरवरच्या क्यूआर कोडचंही बघा. स्कॅन केल्यावर 'अमुक मानसिक समुपदेशन केंद्र' असं येत असेल तर नवऱ्याच्या खात्यातून पैसे भरणारी बाई अडकते, बँकेच्या पानावर ते नाव कायमचं राहतं. कोड तुमच्या नावाचा घ्या. खातं मात्र घरखर्चाचं नको, वेगळंच हवं.

कागदपत्रांचं थोडक्यात: माणसं मोजकीच असल्याने शॉप ॲक्टची फक्त ऑनलाइन सूचना, व्यवसाय कराची नोंदणी, प्रत्येक पावतीला क्रमांक. वरच्या हिशोबाने वर्षाची जमा सहा लाखांच्या आसपास, म्हणजे जीएसटीच्या वीस लाखांच्या मर्यादेपासून तुम्ही लांब आहात. कर शून्य निघाला तरी रिटर्न भराच. उद्या फ्लॅटच्या कर्जाला बँक तीन वर्षांची रिटर्न मागते, तेव्हा रोखीत घेतलेल्या पाचशेच्या नोटा कामाला येत नाहीत.

राहिले मिस्टर. ते चिडून बोलत असतील, पण त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला भावनेने उत्तर देऊ नका, तारखेने द्या. शाळेत पूर्ण नोकरी नको, आठवड्याचा एक दिवस घ्या, लेखी कराराने. त्यात एक ओळ आवर्जून घाला: या शाळेतला विद्यार्थी माझ्या खासगी केंद्रात क्लायंट म्हणून घेणार नाही. नाहीतर पालकांना वाटेल, मॅडम शाळेत गिऱ्हाईक शोधतात.

आणि पुढचं एक वर्ष दर महिन्याच्या पाच तारखेला दोघांनी वही घेऊन बसा. नावं झाकून, फक्त आकडे. वर्षअखेर सगळा खर्च जाऊन हातात सलग तीन महिने २०,००० पडले नाहीत, तर विश्रामबागची जागा सोडा. प्रॅक्टिस सोडू नका. शंभर फुटी रोडला किंवा मिरजेत एखाद्या डॉक्टरांच्या पॉलिक्लिनिकमधली खोली आठवड्यातल्या तीन संध्याकाळी तासावर भाड्याने घ्या, बाहेर बसणारं माणूस त्यांचंच असतं, आणि शाळेचे दिवस एकाचे दोन करा. मासिक भाडं आणि पगार गेले की चौदा हजारांचं ओझं उतरतं. त्या हिशोबात महिन्याला पंचवीस सेशनसुद्धा पुरतात.